गोमेकॉचा कान-नाक-घसा विभाग : न दिसणाऱ्या काट्याचे निदान

पेडण्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीवर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉच्या) कान-नाक-घसा विभागात उपचार झाले. तिच्यासारखी तक्रार घेऊन फिरणारे इतरही रुग्ण असणार, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

तिला घशात डाव्या बाजूला पेडवे या लहान माशाचा काटा रुतल्यासारखे सतत वाटत असे. आवंढा गिळताना निघणारी कळ थेट कानात जाई आणि मान वळवली की वाढे. घरातल्यांनी कोरडा भात गिळायला लावला. त्यानंतर एका खाजगी दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, तर दुसऱ्या ठिकाणी अक्कलदाढच काढण्यात आली. दाढ गेली, कळ मात्र तशीच राहिली. दुर्बिणीच्या तपासणीत घसा स्वच्छ दिसल्यामुळे शेवटी ‘मनावर घेऊ नका’ असा सल्ला मिळाला, आणि दाढ गमावण्यापेक्षा तिला तोच अधिक लागला.

गोमेकॉच्या बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांनी आधी तिचे सगळे ऐकून घेतले. दुखणारी जागा एकाच बोटाने दाखवायला सांगितली, टॉन्सिलची शस्त्रक्रिया पूर्वी झाली होती का आणि मान वळवताना चक्कर येते का, हेही विचारले. मग हातमोजा घालून त्यांनी डाव्या टॉन्सिलच्या जागी बोटाने हलकेच दाबले, त्यासरशी बहिणीने त्यांचे मनगटच धरले आणि बोट बाहेर येताच ती म्हणाली, ‘‘होच तो कांटो!’’ त्याच जागी भूल देणारे औषध टोचल्यावर थोड्या वेळाने तिला पाणी प्यायला दिले, आणि ते तिने कळ न येता गिळले. माझ्या मते निदान तिथेच झाले होते. नंतरच्या सीटी स्कॅनच्या त्रिमितीय चित्राने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या विकाराला ईगल सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे डॉ. वॅट ईगल यांनी 1937 मध्ये त्याचे वर्णन केले. कानाखालच्या हाडातून स्टायलॉइड नावाचा निमुळता सुळका खाली घशाच्या दिशेने येतो. त्याची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते आणि तीन सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास तो लांबलेला मानतात. असा सुळका किंवा त्याला जोडलेला, हाडासारखा कडक झालेला स्नायुबंध जवळच्या मज्जातंतूंना टोचू लागला की कळा सुरू होतात. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीवर त्याचा दाब आला, तर चक्करही येऊ शकते. हे सारे घशाच्या अस्तराआड घडत असल्यामुळे दुर्बिणीला काही दिसत नाही. याउलट, स्कॅनमध्ये सुळका लांब दिसला म्हणून तोच दुखण्याचे कारण असेल असेही नाही, कारण तो लांब असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधीच त्रास होत नाही. म्हणूनच केवळ चित्रावर न विसंबता बोटाने चाचपण्याला आणि भूल देऊन पाहण्याला मी एवढे महत्त्व देतो.

शस्त्रक्रियेची घाई कोणी केली नाही. आधी मज्जातंतूंच्या वेदनेवरील गोळ्या दिल्या. त्यांनी पुरेसा आराम पडेना, तेव्हा दोन्ही मार्ग समजावून सांगितले. तोंडातून सुळका कापल्यास बाहेर व्रण राहत नाही, परंतु जागा अरुंद असल्याने नीट दिसत नाही आणि मानेत खोलवर जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. मानेवर छेद घेतल्यास सगळे स्पष्ट दिसते, पण व्रण राहतो आणि ओठाचा कोपरा हलवणाऱ्या मज्जातंतूला जपावे लागते. सुळक्याचे टोक टॉन्सिलच्या जागी हाताला लागत असल्यामुळे बहिणीच्या बाबतीत तोंडातील मार्ग निवडण्यात आला.

शस्त्रक्रियेनंतर घसा बराच दुखला आणि ती पेजेवरच राहिली. आता काट्याची जाणीव पूर्ण गेली आहे. कानात कधीतरी बारीक कळ येते, मात्र त्यासाठी गोळी घ्यावी लागत नाही.

अशी तक्रार असलेल्यांनी तेथे जाताना जुने स्कॅन, दाताचे एक्स-रे आणि आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. टॉन्सिल काढलेले असल्यास डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते आपणहून सांगावे, कारण हा त्रास काहींना त्या शस्त्रक्रियेनंतरच सुरू होतो.