दोन काड्यांचा टीईईआर मीटर: किडनीच्या पेशींसाठी घ्याच, त्वचेच्या पेशींसाठी आधी विचार करा

हातात मावेल एवढा डबा, त्याला एक तार आणि तारेच्या टोकाला चॉपस्टिकसारख्या दोन काड्या. पेशींचा थर किती घट्ट बसलाय हे ओहममध्ये सांगणारं हे यंत्र. थर आरपार ओलांडताना विजेला किती विरोध होतो, तेवढंच ते मोजतं; टीईईआर (ट्रान्सएपिथेलियल इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स) म्हणतात ते हेच. मूत्रपिंडाच्या किंवा त्वचेच्या पेशींमधून आयनांची ये-जा अभ्यासणाऱ्या मुंबईतल्या एखाद्या छोट्या प्रयोगशाळेने तो घ्यावा का आणि घेतला तर कुठे फसायला होतं, त्याची ही पारख. कंपनी कोणती हा इथे मुद्दा नाही. काडीवाल्या मीटरांचे गुण आणि खोडी जवळपास सारख्याच असतात.

निकाल आधीच सांगतो. एमडीसीकेसारख्या किडनीच्या पेशींवर काम असेल तर बिनधास्त घ्या. केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या पेशींवर काम असेल तर मीडियातल्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवातल्या, कॅल्शियमचा बंदोबस्त आधी, मीटर नंतर. आणि नुसता ओहमचा आकडा दाखवून आयनांच्या वाहतुकीबद्दल दावा करणार असाल तर थांबा. त्या आकड्यात ते नसतं.

एमडीसीके पेशी 1958 साली मॅडिन आणि डार्बी यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडातून वेगळ्या केल्या, आणि आजही या मोजणीसाठी त्यांच्याइतक्या शहाण्या पेशी क्वचितच सापडतात. साध्या प्लास्टिकच्या डिशमध्ये थर पूर्ण भरला की दोन-तीन दिवसांत त्यात पुरीसारखे फुगवटे दिसू लागतात. इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली फोकस हळूच वर नेलात की फुगवट्याचा माथा स्पष्ट होतो आणि भोवतीच्या पेशी धूसर होतात. पेशी वरचं मीठ आणि पाणी खाली ओढतात, तळाला वाट नसते, म्हणून थर उचलला जातो. हे फुगवटे दिसले की वाहतूक चालू आहे हे समजावं, मग इन्सर्टवर, म्हणजे सच्छिद्र तळाच्या छोट्या कपावर, जावं.

इथे एक घोळ नेहमी होतो. एमडीसीकेचे दोन प्रकार आहेत. पहिल्याचा विरोध हजार ओहम-चौरस सेंटिमीटरच्या वर सहज जातो, दुसऱ्याचा शंभराच्या आसपास रेंगाळतो. कारण पेशींच्या सांध्यात आहे: दुसऱ्या प्रकारात क्लॉडिन-2 नावाचं प्रथिन असतं, आणि ते शेजारच्या दोन पेशींच्या फटीत सोडियमसारख्या धन आयनांसाठी वाट उघडी ठेवतं. पहिल्या प्रकारात क्लॉडिन-2 घातलं की त्याचाही विरोध कोसळतो, हे 2001 मध्ये दाखवलं गेलं. तेव्हा रीडिंग कमी आलं म्हणून मीटरला बोल लावण्याआधी बाटलीवर कोणता प्रकार लिहिलाय ते बघा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून किंवा दुसरीकडून सेल लाईन मागवताना हे लेखी विचारून घ्यावं.

आता हिशेब, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 12 मिलिमीटरच्या इन्सर्टचं क्षेत्रफळ 1.12 चौरस सेंटिमीटर. आत अर्धा मिलिलिटर मीडिया, बाहेर दीड मिलिलिटर. समजा पेशींसकट रीडिंग 220 ओहम आलं आणि पेशींशिवायच्या रिकाम्या इन्सर्टचं, म्हणजे ब्लँकचं, 120. फरक 100, गुणिले 1.12, उत्तर 112 ओहम-चौरस सेंटिमीटर. गुणायचं, भागायचं नाही. त्याच पेशी 6.5 मिलिमीटरच्या इन्सर्टवर, म्हणजे 0.33 चौरस सेंटिमीटरवर लावल्या तर ब्लँक वजा जाता रीडिंग सुमारे 340 ओहम दिसेल आणि उत्तर तेच येईल. ज्यांनी नुसतं ओहम लिहून क्षेत्रफळ गाळलंय, त्यांचे आकडे कोणाशीच ताडून बघता येत नाहीत.

या उदाहरणातच मीटरची खरी उणीव दिसते. ब्लँक 120 आणि पेशींचा वाटा 100. म्हणजे ब्लँकमध्ये 20 ओहमची चूक झाली तर उत्तर 20 टक्के चुकलं. घट्ट थरांसाठी ही चूक किरकोळ, पण गळक्या थरांसाठी जीवघेणी. काड्या थोड्या तिरक्या धरल्या, एका वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या एका खणात, मीडिया कमी पडला, तरी एवढा फरक सहज पडतो. शिवाय 24 मिलिमीटरच्या मोठ्या इन्सर्टवर दोन काड्यांमधला प्रवाह सगळीकडे सारखा पसरत नाही आणि विरोध आहे त्याहून जास्त दिसतो. त्यामुळे काड्या वापरायच्या तर लहान इन्सर्ट घ्या. गळक्या पेशींवरच काम असेल तर वर-खाली चकतीसारखे इलेक्ट्रोड असलेला कपासारखा चेंबर जास्त भरवशाचा.

काड्या धरण्याची पद्धत: लांब काडी बाहेरच्या भागात, तळाला टेकलेली, आखूड काडी इन्सर्टच्या आत, पेशींना न शिवता. काड्या उभ्याच हव्यात. प्रत्येक इन्सर्टला तीन जागी रीडिंग घ्यावं. आखूड काडी पेशींना घासली की तिथे ओरखडा पडतो, रीडिंग एकदम खाली येतं आणि तो इन्सर्ट तिथेच बाद होतो.

इलेक्ट्रोडची काळजी घेतलीत तर हा मीटर वर्षानुवर्षं साथ देईल. न घेतलीत तर महिन्यात रडवेल. टोकाला चांदी आणि तिच्यावर सिल्व्हर क्लोराईडचा पातळ राखाडी थर असतो. 70 टक्के अल्कोहोलमध्ये 15 मिनिटं बुडवा, हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) वाळवा, मग थोडा वेळ निर्जंतुक मीडियात ठेवा आणि नंतरच मोजा. रात्रभर अल्कोहोलमध्ये ठेवू नका, ऑटोक्लेव्ह तर मुळीच नको. काम झालं की शुद्ध पाण्याने धुवा, कारण सीरमचं प्रथिन टोकावर वाळलं की आकडा स्थिरच होत नाही. टोक चकचकीत पांढरं दिसायला लागलं म्हणजे क्लोराईडचा थर गेला. घरगुती ब्लीचमध्ये काही मिनिटं बुडवून तो परत चढवता येतो, पण नंतर पाण्याने भरपूर धुवायला विसरू नका; ब्लीचचा अंशही पेशींना मारतो. पैसे वाचवायला झवेरी बाजारातून दागिन्यांची चांदी आणून इलेक्ट्रोड करायचा विचार असेल तर सोडून द्या. 92.5 टक्क्यांच्या चांदीत तांबं असतं आणि तांबं पेशींना सोसत नाही.

मीटरकडून तापमानाची अपेक्षा ठेवू नका, ते तुम्हीच सांभाळायचं. मीडिया एक अंश थंड झाला की त्याचा विरोध साधारण 2 टक्क्यांनी वाढतो. इन्क्युबेटरच्या 37 अंशांवरून प्लेट 24 अंशांच्या एसी खोलीत आणलीत तर नुसत्या गारव्यानेच रीडिंग पाव हिश्शाने चढू शकतं. पहिला वेल गरम, चोविसावा थंड, आणि मधे जो चढ दिसतो तो औषधाचा परिणाम म्हणून प्रबंधात जातो. हे फार वाईट आहे, कारण त्यात एखाद्या विद्यार्थ्याचे महिने वाया जातात. प्लेट बाहेर काढून 15 ते 20 मिनिटं थांबा, सगळे वेल खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि ब्लँकही त्याच तापमानाला मोजा.

मुंबईच्या पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एसी खोलीतला थंड मीटर बाहेरच्या दमट पॅसेजमध्ये आणला की तारेच्या जोडणीच्या पिनेवर दव धरतं आणि आकडा नाचायला लागतो. मीटर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. मोजताना चार्जर काढून बॅटरीवर चालवा, हूडचा पंखा आणि ट्यूबलाईट यांचा 50 हर्ट्झचा गोंगाट कमी येतो. दुसरी गोष्ट बुरशीची. जून ते सप्टेंबर संवर्धनात बुरशी शिरते म्हणून मीडियात अँफोटेरिसिन बी घालण्याची सवय लागते. पण हे औषध पेशीच्या आवरणात आयनांसाठी भोकंच पाडतं. बुरशीवर ते जास्त चालतं, तरी आपल्या पेशी पूर्ण सुटत नाहीत. आयनांची वाहतूक मोजायच्या संचात ते नकोच. त्याऐवजी इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी वेळेवर बदला.

त्वचेच्या पेशींकडे वळलं की मीटरचे गुण कमी पडतात. हाकॅट ही 1988 मध्ये प्रसिद्ध झालेली माणसाच्या केराटिनोसाइटची सेल लाईन. तिची रीडिंग लहरी, कधी ब्लँकच्या जेमतेम वर. या पेशींचं वागणं कॅल्शियम ठरवतं. 0.1 मिलिमोलरच्या खाली त्या नुसत्या वाढत राहतात, 1.2 ते 1.8 पर्यंत नेलं की ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन पेशीच्या कडेला येऊन शेजारणीला धरतं आणि मग सांधे बांधले जातात. डीएमईएम या नेहमीच्या मीडियात 1.8 मिलिमोलर कॅल्शियम असतंच, सीरममधूनही येतं; म्हणून कमी कॅल्शियमपासून सुरुवात करायची तर सीरममधलं कॅल्शियम रेझिनने काढून टाकावं लागतं. उलट मोजणीच्या आधी इन्सर्ट कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट द्रावणाने) धुतले तर बांधलेले सांधे सुटायला लागतात. धुवायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेलं हँक्सचं द्रावण घ्या. हवेवर वाढवलेल्या, वरून कोरड्या त्वचेच्या नमुन्यात बराचसा विरोध वरच्या मृत थराचा असतो, सांध्यांचा नव्हे. तिथे या आकड्यावरून क्लॉडिनबद्दल बोलू नये.

मीटरवर व्होल्टचंही बटण असतं, आणि बरेच जण ते कधी दाबतच नाहीत. आयनांच्या वाहतुकीचा माग लागतो तो तिथे. थराच्या दोन बाजूंत 2 मिलिव्होल्टचा फरक आणि विरोध 1000 ओहम-चौरस सेंटिमीटर असेल, तर भागाकाराने दर चौरस सेंटिमीटरला 2 मायक्रोअँपियर प्रवाह निघतो. आता वरच्या बाजूला 10 मायक्रोमोलर अमिलोराईड घाला; ते पेशीच्या आवरणातली सोडियमची वाट, म्हणजे एपिथेलियल सोडियम चॅनल, बंद करतं. प्रवाह जेवढा घटला तेवढा या चॅनलचा वाटा. मग खालच्या बाजूला ओआबेन घाला. ते तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत नेणारा पंप बंद करतं. कुत्र्याच्या आणि माणसाच्या पेशींत हे थोड्या मात्रेत जमतं, पण उंदीर-घुशीच्या मूत्रपिंडातला पंप ओआबेनला दाद देत नाही, तिथे मात्रा कितीतरी पट वाढवावी लागते. ही घट चॅनलमुळेच आली, पेशी मेल्या म्हणून नाही, हे पटवायचं तर त्याच इन्सर्टचा विरोध टिकून आहे हेही दाखवा.

खरा शॉर्ट-सर्किट प्रवाह मात्र या मीटरवर मिळत नाही. त्यासाठी उसिंग चेंबर लागतो. हान्स उसिंग यांनी 1951 मध्ये बेडकाच्या कातडीवर दाखवलं की दोन्ही बाजूंचा व्होल्टेज शून्यावर धरला तर वाहणारा प्रवाह म्हणजे सोडियमची निव्वळ वाहतूकच. काडीवाला मीटर त्याची जागा घेत नाही, फक्त कोणते इन्सर्ट चेंबरमध्ये नेण्याच्या लायकीचे आहेत ते आधी निवडून देतो.

डिलिव्हरी घेताना तीन गोष्टी तपासा. सोबत 1000 ओहमचा तपासणी रेझिस्टर आहे का. नसेल तर लॅमिंग्टन रोडवर एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर किरकोळ पैशांत मिळतो, तो लावून आकडा 990 ते 1010 च्या आत येतो का बघा. इलेक्ट्रोड सुटा मिळतो का आणि किती आठवड्यांत, ते कोटेशनवर लिहून घ्या. आणि पहिल्याच ऑर्डरमध्ये एक जादा इलेक्ट्रोड धरा, कारण डबा टिकतो, काडी मोडते.