पायथनच्या रेजेक्सने 'पुणे' आणि 'पाणी' एक केलं

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं आरई मॉड्यूल, म्हणजे मजकुरात ठराविक नमुने (रेजेक्स) शोधून बदलायची सोय, सर्व्हरच्या कामाला लावून आता बरेच महिने झाले. पॅटर्न म्हणजे काय, ग्रुप म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे: बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर' यासाठीची खूण.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका क्लायंटकडे फाइल सर्व्हर आहे. त्यावर रोज रात्री एक स्क्रिप्ट फाइलींची नावं साफ करते, म्हणजे अक्षर, आकडा आणि अंडरस्कोर सोडून जे असेल तिथे अंडरस्कोर टाकते. मूळ स्क्रिप्ट पर्ल या दुसऱ्या भाषेतली, कित्येक वर्षं बिनबोभाट चाललेली. सर्व्हर बदलला तेव्हा एएमसीवाल्यांनी (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेल्यांनी) ती ओळीला ओळ पायथनमध्ये उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच अकाउंट्सच्या मॅडमचा फोन: "अहो, पुण्याची शीट गेली कुठे? इथे प_ण_ असं काहीतरी दिसतंय, आणि ते उघडलं तर टँकरची बिलं!"

पायथनचा बॅकस्लॅश डब्ल्यू काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना अक्षरात धरतच नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ही चिन्हं 'मार्क' गटात येतात. पर्ल तो गट धरतो (नाव आधी युटीएफ-८ या साठवणीच्या रूपातून अक्षरांत उलगडलेलं हवं), पायथन धरत नाही. त्यामुळे 'पुणे'चं झालं प_ण_, आणि 'पाणी'चंही प_ण_. त्यात लिनक्सवर ओएस डॉट रिनेम ही नाव बदलायची पायथनची आज्ञा त्याच नावाची आधीची फाइल न विचारता उडवते. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं.

नंतर मी आपल्याकडच्या गावांची नावं टाकून बघितली. वाशीचे व आणि श, ऐरोलीचे 'ऐर' आणि 'ल', खारघरचे 'ख' आणि 'रघर'. तुर्भ्याचं तर विचारूच नका. उरण तेवढं धडधाकट राहिलं, कारण त्यात काना-मात्राच नाही! एएमसीवाल्यांनी चाचणी इंग्रजी नावांवर घेतली होती, आणि वर 'युनिकोड सपोर्ट'चं वेगळं कोटेशन पाठवलं. एका ओळीच्या कामाला!

ती ओळ मी फुकटात लिहिली. कॅरेक्टर क्लासमध्ये, म्हणजे चालणाऱ्या अक्षरांच्या कंसातल्या यादीत, बॅकस्लॅश डब्ल्यूच्या शेजारी देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा युनिकोड क्रमांकांचा पट्टा टाकला, की झालं. इथवर लिहून मी याला दोनच तारे देणार होतो.

पण लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी चाळायच्या कामात आरईने खरंच हात दिलाय. व्हर्बोज फ्लॅग (पॅटर्नमधल्या मोकळ्या जागा आणि कॉमेंट सोडून द्यायला सांगणारी खूण) लावला की पॅटर्न चार ओळींत मोडून प्रत्येक ओळीपुढे मराठीत कॉमेंट लिहिता येते. रात्रपाळीच्या पोराला आता मला उठवावं लागत नाही. चुकीच्या पासवर्डच्या ओळींतून आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि युजर नेम्ड ग्रुपने, म्हणजे पॅटर्नच्या तुकड्याला नाव देऊन, वेगळे काढतो. लॉग टूलचं लायसन्स घ्यायचं चाललं होतं, ते वाचलं. आणखी एक गंमत: बॅकस्लॅश डी ही आकड्याची खूण देवनागरी आकडेही ओळखते, आणि '२०२३' हा मजकूर इंट या आज्ञेला दिला तर सरळ संख्या मिळते. आयपी तपासताना मात्र एस्की फ्लॅग लावा, म्हणजे फक्त इंग्रजी आकडे धरले जातात.

बॅकट्रॅकिंगची, म्हणजे पॅटर्न जुळेना की मागे फिरून पुन्हा पुन्हा वाटा शोधत अडकण्याची, भीती आहेच. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर ही वेबसाइटींना सुरक्षा पुरवणारी कंपनी एका रेजेक्सपायी आडवी पडली होती. आरईला टाइमआउट (वेळेची मर्यादा) नाही, पण पायथन ३.११ पासून पझेसिव्ह क्वांटिफायर, म्हणजे एकदा जुळलेला भाग परत न सोडणाऱ्या खुणा, आलेत, ते वापरा.

ताजी खबर: पट्टा टाकूनही 'सातार्‍याची' ही फाइल फुटली. त्या टायपिंगमध्ये र्‍या साठी अदृश्य जोडचिन्ह येतं, युनिकोड क्रमांक २००डी, आणि ते या पट्ट्याबाहेर आहे. तेही क्लासमध्ये घातलं. आता साडेतीन तारे. अर्धा मी कापलाय, कारण 'ठाणे' लिहिण्यासाठी असे उपद्व्याप करावे लागतात. कोटेशनचं म्हणाल तर एएमसीवाले दर सोमवारी रिमाइंडर पाठवतात.