सौर कामाकडे जाणाऱ्या चार वाटा : सूर्यमित्र, आयटीआय, शिकाऊ उमेदवारी की युवा कार्य प्रशिक्षण?

दहावी-बारावी झालेला, हाताला काम नसलेला आणि ‘सोलरमध्ये आता पुष्कळ संधी आहेत’ असे चहूकडून ऐकणारा तरुण प्रत्यक्ष निर्णयाला बसतो, तेव्हा महाराष्ट्रात त्याच्यासमोर साधारण चार वाटा असतात. पहिली सूर्यमित्र या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची, दुसरी आयटीआयमधील एक किंवा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची, तिसरी शिकाऊ उमेदवारीची आणि चौथी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एखाद्या आस्थापनेत मिळणाऱ्या जागेची. प्रत्येकीचे पत्रक वेगळे, कार्यालय वेगळे आणि संकेतस्थळही वेगळे असल्यामुळे त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची संधी बहुतेकांना मिळत नाही, आणि मग जवळच्या मित्राने जो अर्ज भरला तोच आपल्याकडूनही भरला जातो.

संधी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे लक्ष्य १ कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवण्याचे असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. शेतीकडे पाहिले तर ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते, आणि बसवलेल्या पंपाच्या दुरुस्तीची जबाबदारी ५ वर्षे पुरवठादारावर राहते. या शेवटच्या अटीकडे तरुणांनी विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. पंप बसवणारी टोळी आज या गावात आणि उद्या दुसऱ्या जिल्ह्यात असते; दुरुस्ती करणारा माणूस मात्र तालुक्यातच लागतो. घर न सोडता करता येईल असे काम ज्याला हवे आहे, त्याच्यासाठी ते काम येथे आहे.

आता या कामाचे स्वरूप पाहू, कारण चारही वाटांची तुलना त्याच कसोटीवर करायची आहे. छपरावर सांगाडा उभा करणे, पॅनेल बसवणे आणि वायर ओढणे हे कोणताही धडधाकट मुलगा आठवडाभरात शिकतो. अवघड भाग त्यानंतरचा. घरात येणारी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते, त्यामुळे जोडणीत ठिणगी पडली तरी ती विझण्याचा संभव असतो. पॅनेलमधून येणाऱ्या एकदिश प्रवाहाला असे शून्य नसल्याने सैल जोडणीत पडलेली ठिणगी पेटतीच राहते आणि आग लागते. घरगुती आकाराची सहा पॅनेल एका माळेत जोडली की सुमारे ३०० व्होल्टपर्यंत दाब तयार होतो, आणि ऊन असेपर्यंत तो बंद करण्यासाठी पॅनेलला कोणतेही बटण नसते. म्हणून कनेक्टरचे क्रिम्पिंग (तारेच्या टोकावर जोड दाबून घट्ट बसवणे), अर्थिंग, आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणारा तडितरक्षक आणि उतरत्या पत्र्यावर सेफ्टी बेल्ट कुठे अडकवायचा, या गोष्टी वहीत लिहून येत नाहीत. जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच त्या शिकाव्या लागतात. माझ्या मते कोणतेही प्रशिक्षण निवडताना विचारायचे प्रश्न दोनच आहेत. अनुभवी हाताखाली प्रत्यक्ष कामाचे किती दिवस मिळतील? आणि शेवटी मिळणारा कागद विजेच्या कामासाठी नियमाने ग्राह्य धरला जाईल का?

सूर्यमित्र प्रशिक्षण २०१५ पासून राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत सुरू झाले. ते ६०० तासांचे, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचे आणि निवासी असते. शिकणे, राहणे आणि जेवण यांचा खर्च प्रशिक्षणार्थीवर पडत नाही. मात्र ते कोऱ्या पाटीसाठी आखलेले नाही. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), फिटर अशा व्यवसायांत आयटीआय झालेल्यांचा त्यात प्राधान्याने विचार होतो, आणि तेच योग्य आहे, कारण ज्याला मल्टिमीटर हातात धरता येतो त्याला ६०० तासांत सौर संचाची रचना पक्की समजते. ज्याला येत नाही त्याचे अर्धे तास मूलभूत वीज समजण्यात जातात. नवी तुकडी कधी आणि कुठे सुरू होणार, हे महाऊर्जा या राज्य सरकारच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेच्या विभागीय कार्यालयात विचारून मगच इतर बेत ठरवावेत.

याच तीन महिन्यांच्या साच्यात भरघोस शुल्क घेणारे खासगी वर्गही निघाले आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून सावध करावेसे वाटते. आमच्या भागातील एका मुलाने घरची गरज बाजूला सारून अशा एका वर्गाचे पैसे भरले. तीन महिने फळ्यावर आकृत्या काढल्या गेल्या आणि छपरावर तो एकदाही चढला नाही. शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेत जाऊन सरावासाठी उभा केलेला संच डोळ्यांनी पाहावा, आणि मागच्या तुकडीतील दोघांना भेटावे.

आयटीआयमध्ये दोन पर्याय समोर येतात आणि इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. ‘सौर तंत्रज्ञ’ हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. ‘वीजतंत्री’ दोन वर्षांचा. नावात सौर असल्यामुळे आणि एक वर्ष वाचत असल्यामुळे पहिला आकर्षक वाटतो. तरीही वय २०च्या आत असेल आणि घरची परिस्थिती दोन वर्षे थांबू शकत असेल, तर मी वीजतंत्रीच सुचवीन. वीजजोडणीचे काम नियमाप्रमाणे परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परवानाधारक तारतंत्रीकडूनच व्हावे लागते, आणि त्या परवान्याकडे जाणारा सरळ रस्ता वीजतंत्री व तारतंत्री या व्यवसायांतून जातो. महावितरणच्या विद्युत सहायक पदांच्या जाहिरातींतही याच दोन व्यवसायांचे प्रमाणपत्र मागितलेले असते. सौर कामाची मागणी अनुदानावर आणि हंगामावर हलते. पावसाळ्यात छपरावरची कामे मंदावतात हे तर कोणताही ठेकेदार सांगेल. अशा वेळी वीजतंत्र्याला घरगुती वायरिंग, मोटर वाइंडिंग, कारखान्यातील देखभाल ही कामे खुली असतात. जो दहावीत अडकला आहे त्याच्यासाठी तारतंत्री हा व्यवसाय आठवी उत्तीर्णालाही खुला आहे, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते आणि त्यामुळे मुलाची दोन-तीन वर्षे पुरवणी परीक्षेत जातात.

शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली चालते. ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर ४ किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ते घेता येतात. २०१९ च्या दुरुस्तीने ठरलेले किमान मासिक विद्यावेतन दहावी उत्तीर्णाला ६,००० रुपये, आयटीआय उत्तीर्णाला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये असे होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातील २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलते. रक्कम मोठी नाही, आणि दुसऱ्या शहरात खोली करून राहायचे असेल तर तिच्यात भागवणे कठीण जाते. पण प्रत्यक्ष कामाचे दिवस या कसोटीवर चारही वाटांत हीच पुढे आहे, कारण वर्षभर तुम्ही उत्पादनात असता, चुका दुरुस्त करणारा माणूस शेजारी असतो आणि करारामुळे तुमची नोंद सरकारदरबारी राहते. आयटीआयनंतर महावितरणच्या मंडळ कार्यालयांमध्येही वीजतंत्री-तारतंत्रींना शिकाऊ उमेदवारी मिळते. जिल्ह्याबाहेर न जाता अनुभव घेण्याचा तो चांगला मार्ग आहे. मात्र मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते, हे करारावर सही करतानाच समजून घ्यावे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. १८ ते ३५ वयोगटातील महाराष्ट्राच्या रहिवाशाला बारावी असल्यास ६,०००, आयटीआय किंवा पदविका असल्यास ८,००० आणि पदवी असल्यास १०,००० रुपये दरमहा थेट बँक खात्यात मिळतात. सुरुवातीला ६ महिन्यांची असलेली मुदत पुढे ११ महिन्यांपर्यंत वाढवली गेली. केवळ आकडे पाहिले तर ही वाट शिकाऊ उमेदवारीपेक्षा उजवी दिसते. पण सौरसारख्या हरित, म्हणजे पर्यावरणपूरक क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्याने एक अडचण लक्षात घ्यावी. या योजनेत सहभागी होणाऱ्या खासगी आस्थापनेकडे किमान २० कर्मचारी असावे लागतात, आणि घराघरांवर सौर संच बसवणारे आपल्या तालुक्यातील पुरवठादार बहुतेक पाच-सहा जणांच्या टोळीवर चालतात. ज्या ठिकाणी खरे काम आहे ते ठिकाण योजनेच्या चौकटीबाहेर राहते, आणि उमेदवार ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा एखाद्या कार्यालयात संगणकावर नोंदी करत बसतो. ते काम हलके आहे असे मी म्हणत नाही. पण त्यातून सौर तंत्रज्ञ तयार होत नाही. कारखान्यातील सहवीजनिर्मिती विभाग, सांडपाणी प्रक्रिया केंद्र किंवा मोठा सौर प्रकल्प अशी जागा यादीत दिसली, तरच या योजनेला हरित प्रशिक्षण मानावे.

सौर सोडून इतर क्षेत्रांचाही उल्लेख करतो. सातारा आणि धुळे जिल्ह्यांत पवनचक्क्या आहेत, पण तेथील देखभालीच्या जागा थोड्या आणि उंचीवर काम करण्याची तयारी मागणाऱ्या आहेत. विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीसाठी आयटीआयमध्ये दोन वर्षांचा स्वतंत्र व्यवसाय आहे. शहराजवळ राहणाऱ्याने तो जरूर विचारात घ्यावा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या ऑपरेटरच्या कामाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, परंतु कारखान्यांना आणि मोठ्या गृहसंकुलांना ते केंद्र चालवावेच लागत असल्याने मला ते सौर कामाहून अधिक स्थिर वाटते.

मुलींच्या बाबतीत निवड थोडी वेगळ्या क्रमाने करावी लागते. छपरावरचे काम त्या करू शकत नाहीत हा समज चुकीचा आहे. खरा अडसर असतो तो टोळीसोबत परगावी मुक्कामाचा. म्हणून निवासी प्रशिक्षणात मुलींच्या राहण्याची सोय वेगळी आहे का, आणि नंतरचे काम दुरुस्ती, तपासणी किंवा उत्पादन विभागातले मिळेल का, हे आधी विचारावे.

वय २८, कला शाखेची पदवी, घरात कमावणारे दुसरे कोणी नाही, अशी स्थिती असणाऱ्याला दोन वर्षांचे आयटीआय सांगणे अन्यायाचे होईल. त्याने युवा कार्य प्रशिक्षणाचे १०,००० रुपये घेऊन ११ महिने घर सावरावे, पण जागा निवडताना विद्युत किंवा देखभाल विभागाचाच आग्रह धरावा, आणि सुटीच्या दिवशी तालुक्यातील सौर ठेकेदारासोबत छपरावर जावे. आयटीआय आधीच झालेल्याने मात्र या वाटेकडे वळू नये; त्याच्यासाठी क्रम सूर्यमित्र आणि लगेच शिकाऊ उमेदवारी असा आहे. दहावीचा निकाल नुकताच हातात आलेल्यांसाठी आयटीआयची प्रवेशप्रक्रिया निकालानंतर लवकरच सुरू होते, आणि वीजतंत्रीच्या जागा पहिल्या फेऱ्यांतच भरतात, तेव्हा पसंतीक्रमात तो व्यवसाय पहिल्या क्रमांकावर आणि तारतंत्री दुसऱ्या क्रमांकावर लिहावा.