सातपुड्याच्या पायथ्याशी भूऔष्णिक सल्लासेवा : तीन ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

चोपडा तालुक्यातील आमच्या केळी उत्पादकांच्या कंपनीने गरम पाण्याच्या एका बोअरसाठी भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेच्या, क्षेत्रात काम करणाऱ्या भूवैज्ञानिकांच्या गटाची सल्लासेवा घेतली. त्यांच्या अहवालाप्रमाणे उभारलेली केळी सुकवण्याची यंत्रणा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत चालवून पाहिल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. यंत्रांविषयी मी थोडेच लिहीन, कारण तशी यंत्रे बाजारात मिळतात. ज्ञान विकत घ्यावे लागते, आणि ते घेताना नेमके काय पदरात पडते याची माहिती मराठीत फारशी वाचायला मिळत नाही.

आपल्या भागाला गरम पाणी नवे नाही. अडावदजवळच्या उनपदेवाला गोमुखातून बारमाही गरम पाणी वाहते, आणि शहादा तालुक्यातही त्याच नावाचे दुसरे ठिकाण आहे. सोन, नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांतून जो लांबलचक भूपट्टा जातो त्यावरच ही ठिकाणे आहेत, आणि छत्तीसगडमधील तातापानीही त्याच पट्ट्यात मोडते. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केल्यानंतर आमच्याकडे यंत्रसामग्री विकणारे लोक येऊ लागले. त्यांपैकी एका विक्रेत्याने आमच्या बोअरवर वीजनिर्मितीचा प्रस्ताव मांडला, आणि त्याची खातरजमा करून घेण्यासाठीच आम्ही भूवैज्ञानिकांकडे गेलो.

विक्रेत्याचे गणित वरवर पाहता बिनचूक होते. बोअर १८० मीटर खोल, तळाचे पाणी ४६ अंश सेल्सिअस, जमिनीचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश. म्हणजे १८० मीटरांत १९ अंशांची वाढ. त्याच दराने खाली जात राहिल्यास दोन किलोमीटरवर दोनशे तीस अंशांच्याही वर तापमान मिळेल, असे त्याचे म्हणणे होते. जगात सर्वसाधारण जमिनीत दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढ होते, तर आमच्याकडे शंभराच्या वर, असे आकडे सभेत मांडले गेल्यावर सभासदांचे डोळे चमकले यात नवल नाही. गावात तर सर्वांचा समज असाच आहे की आपला काळा पाषाण हा लाव्हाचा असल्याने त्याची धग अजून खाली शिल्लक आहे.

भूवैज्ञानिकांनी पहिल्याच बैठकीत हा समज दूर केला. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची मूळ उष्णता केव्हाच निवून गेली आहे. आपल्याकडचे झरे तापतात ते पावसाचे पाणी प्रस्तरभंगांतून, म्हणजे खडकातील मोठ्या भेगांतून, खूप खोल मुरते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर येते म्हणून. हे एकदा समजले की विक्रेत्याच्या गणितातील खोट आपोआप दिसते. भेगेतून वर आलेले पाणी उथळ थराला तापवते, त्यामुळे वरच्या दोनशे मीटरांत वाढीचा दर फुगलेला दिसतो. खाली गेल्यावर तोच दर एकदम मंदावतो, कारण तिथे ते पाणी साधारण एकाच तापमानाचे असते.

त्यांनी हे नुसते सांगितले नाही, तर मोजून दाखवले. पंप काही दिवस बंद ठेवायला लावून त्यांनी थर्मिस्टरची, म्हणजे तापमान टिपणाऱ्या संवेदकाची, तार बोअरमध्ये सोडली आणि दर पाच मीटरला थांबून, आकडा स्थिरावेपर्यंत वाट पाहून, नोंदी घेतल्या. आलेखावर वरच्या भागात रेषा तिरपी होती, आणि साधारण १३० मीटरच्या खाली ती जवळजवळ उभी झाली. म्हणजे तिथून तळापर्यंत तापमान वाढतच नव्हते. स्थिर खडकातून उष्णता येत असती तर रेषा तळापर्यंत तिरपी राहिली असती. उभी रेषा म्हणजे वाहते पाणी, एवढे त्या एका कागदावरून आमच्या सगळ्या सभासदांना उमगले.

दुसरा पुरावा पाण्याच्या रसायनाचा होता, आणि या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो. गरम पाणी खडकातील सिलिका विरघळवते. जितके तापमान जास्त तितकी सिलिका अधिक. वर येताना पाणी लवकर थंड होते, पण विरघळलेली सिलिका तितक्या लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे खोलवरच्या तापमानाची खूण पाण्यात टिकून राहते. आमच्या पाण्यात सिलिका लिटरला ९० मिलिग्रॅम निघाली. क्वार्ट्झ आणि कॅल्सेडोनी ही सिलिकेचीच दोन खनिजरूपे, आणि प्रत्येकाचे तापमान काढण्याचे सूत्र वेगळे. क्वार्ट्झच्या सूत्रात हा आकडा घातला की १३१ अंश येतात आणि कॅल्सेडोनीच्या सूत्रात घातला की १०४. आकडा एकच, आणि उत्तरांत सत्तावीस अंशांचा फरक. कोणते सूत्र लावायचे हे संगणक सांगत नाही. बेसॉल्टच्या प्रदेशात, आणि अशा मध्यम तापमानाला, पाण्यातील सिलिकेचे प्रमाण बहुधा कॅल्सेडोनी ठरवते, हे अनुभवी भूरसायनतज्ज्ञालाच ठाऊक असते. सोडियम आणि पोटॅशियमच्या गुणोत्तरावर आधारलेले सूत्र तर त्यांनी वापरलेच नाही, कारण कमी तापमानाच्या आणि खडकाशी पुरता समतोल न साधलेल्या पाण्यासाठी ते फसवे आकडे देते. मॅग्नेशियम अगदी कमी असल्याने वरच्या थंड पाण्याची मोठी भेसळ नाही, हे तपासून मगच त्यांनी खोलवरचे तापमान ८५ ते ११० अंशांच्या दरम्यान असावे असे लिहून दिले. एकच ठाम आकडा देण्यास त्यांनी नकार दिला, आणि तो नकार मला त्यांच्या कामाची सर्वांत मोठी ग्वाही वाटली.

नमुने घेण्याची पद्धत मी जवळून पाहिली. एक बाटली बारीक गाळणीतून गाळून आम्लाचे थेंब घातलेली, एक नुसती गाळलेली, आणि एक समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या) तपासणीसाठी हवेचा बुडबुडाही राहू न देता काठोकाठ भरून बंद केलेली. पाण्याची आम्लता, तापमान आणि क्षारता मात्र बोअरपाशीच मोजली, कारण पाणी बाहेर पडताच त्यातील वायू उडून आकडे बदलतात. प्रयोगशाळेचा पहिला अहवाल आला तेव्हा त्यांनी धनभारित आणि ऋणभारित आयनांची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या विद्युतभारित कणांची, बेरीज ताडून पाहिली; या दोन बेरजा जुळायला हव्यात. फरक पाच टक्क्यांहून अधिक निघाल्याने तो अहवाल त्यांनी बाजूला ठेवला आणि नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. त्यात बरेच आठवडे गेले आणि आमचे काही सभासद नाराजही झाले, परंतु तो अहवाल तसाच स्वीकारला असता तर पुढचे सगळे निष्कर्ष कच्च्या पायावर उभे राहिले असते.

मॅग्नेटोटेल्युरिक पाहणी, म्हणजे पृथ्वीवरील नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरींवरून जमिनीखालची विद्युतरोधकता जाणण्याची पद्धत, हा खर्चाचा सर्वांत मोठा भाग होता. आपल्याकडील उच्चदाब वाहिन्या आणि शेतीपंपांचा गोंगाट टाळण्यासाठी ही नोंद त्यांनी रात्रभर चालू ठेवली. पायथ्याशी कमी रोधकतेचा एक पट्टा सापडला, पण त्यांनी लगेच बजावले की तापीच्या गाळातील चिकणमाती आणि खारे पाणी हेसुद्धा असाच पट्टा दाखवतात. आमच्या मर्यादित उद्देशासाठी ही पाहणी लहान ठेवता आली असती असे माझे मत आहे. तापमानाचा आलेख आणि पाण्याचे रसायन एवढ्यावरच आमचा निर्णय झाला होता.

तो निर्णय वीजनिर्मितीच्या विरोधात गेला. अलास्कातील चेना हॉट स्प्रिंग्ज येथे ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज तयार होते, हे उदाहरण विक्रेत्याने वारंवार दिले होते. भूवैज्ञानिकांबरोबरच्या अभियंत्याने त्याचे उत्तर फळ्यावर मांडले. उष्णतेपैकी किती भाग विजेत बदलता येतो हे गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांतील फरकावर ठरते. चेनाला थंड बाजूस चार-पाच अंशांचे पाणी मिळते. आपल्याकडे उन्हाळ्यात थंड बाजूच चाळीस अंशांची. सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता तिथे सुमारे २० टक्के येते, तर त्याच पाण्यावर आपल्याकडे १० टक्क्यांच्याही खाली. शिवाय आमच्याकडे ७४ अंश मिळवण्यासाठीच नवे खोल बोअर घ्यावे लागले असते.

त्याऐवजी त्यांनी उष्णता थेट वापरायला सांगितले. पंपिंग टेस्ट, म्हणजे सलग उपसा करून पाण्याची पातळी तपासण्याची चाचणी, घेऊन सेकंदाला दोन लिटरची मर्यादा ठरवली. हे पाणी ४६ वरून ३६ अंशांवर उतरवले की सुमारे ८४ किलोवॅट उष्णता मिळते. केळीच्या चकत्यांना पंचावन्न ते साठ अंशांची हवा लागते, म्हणून गरम पाण्याने हवा चाळीसपर्यंत तापवायची आणि उरलेले काम भट्टीने करायचे, अशी रचना झाली. वापसीत निघणारा, म्हणजे चांगली केळी निवडल्यावर मागे उरणारा, माल पूर्वी मातीमोल जायचा. आता त्यातला चांगला भाग सुकवला जातो.

प्रत्यक्ष वापरात त्यांचे अंदाज कितपत उतरले, हे आता सांगतो. पाण्याचे तापमान तिन्ही ऋतूंत अर्ध्या-एक अंशापलीकडे हलले नाही. मे महिन्यात बाहेरची हवाच ४३-४४ अंशांवर गेली की दिवसा या यंत्रणेचा उपयोग जवळजवळ शून्य होतो, आणि हे अहवालात आधीच लिहिलेले होते. सर्वांत मोठा लाभ पावसाळ्यात झाला, जो आम्हाला अपेक्षित नव्हता पण त्यांना होता : २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा चाळीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आत येते. श्रावणात चकत्यांवर बुरशी धरण्याची तक्रार त्यामुळे थांबली आणि भट्टीचे सरपण निम्म्याच्या आसपास आले. पाण्याचा दाब जिथे उतरतो त्या व्हॉल्व्हपाशी चुन्याचा पांढरा थर साचेल असे त्यांनी सांगितले होते. उघडून पाहिले तेव्हा तो तिथेच होता, आणि सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघालाही. या कारणासाठीच त्यांनी उघडून साफ करता येईल असा प्लेटचा उष्णताविनिमयक (गरम पाण्याची उष्णता काढून घेणारे उपकरण) घ्यायला लावला होता.

थंड झालेल्या पाण्याचा प्रश्न त्यांनी जितक्या गांभीर्याने घेतला तितका आम्ही घेतला नव्हता. ते बागेला सोडावे असा आमचा विचार होता. पाण्यातील सोडियमचे प्रमाण दाखवून त्यांनी सांगितले की केळीच्या मुळांना आणि आपल्या काळ्या जमिनीला ते सोसणार नाही; जमीन चिबड होईल. केळीपट्ट्यातील भूजल वर्षानुवर्षे खाली जात असताना पाणी उपसून नाल्यात सोडणेही त्यांना मान्य नव्हते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी पाहून, पिण्याच्या थरापासून वेगळ्या असलेल्या खोल थरात पाणी परत सोडणारे दुसरे बोअर त्यांनी सुचवले. त्या बोअरमुळे खर्च वाढला, परंतु गावातील एकाही विहिरीची चव किंवा पातळी आजवर बदललेली नाही.

उणिवाही स्पष्ट लिहितो. अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता आणि सभासदांसाठी मराठी सारांश मागून घ्यावा लागला. भारनियमनाच्या वेळी पाणी फिरवणारा पंप बंद पडला तर सुकवणीचे काय, याचा त्यात उल्लेख नव्हता. आम्हाला तो पंप नंतर सौरऊर्जेवर घ्यावा लागला. मॅग्नेटोटेल्युरिकच्या मूळ नोंदी कोणाच्या मालकीच्या हे करारात नसल्याने त्या मिळवताना पत्रव्यवहार लांबला. अशी सेवा घेणाऱ्यांनी कच्च्या नोंदी, आयनांच्या ताळ्याचा आकडा आणि तापमानाचा अंदाज कमाल-किमान मर्यादेसह मिळणे या तीन गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात.

पुढील टप्पा म्हणून त्यांनी भेगेपासून दूर, स्थिर खडकात, केवळ तापमान मोजण्यासाठी एक बारीक बोअर घेण्याचे सुचवले आहे. त्यातून या भागात खोलीबरोबर तापमान वाढण्याचा खरा दर कळेल. त्याचा खर्च आम्ही केळीच्या कांदेबाग लागवडीच्या हंगामानंतरच्या सभेत मांडणार आहोत. दरम्यान अडावद, यावल, रावेर या पायथ्याच्या पट्ट्यात ज्यांच्या बोअरला कोमट पाणी लागते, त्यांनी पंप सुरू करून अर्ध्या तासाने पाण्याचे तापमान मोजावे आणि बोअरची खोली व तारीख यांसह वहीत लिहून ठेवावे. भूवैज्ञानिक आले की सर्वांत आधी हीच वही मागतात, आणि आमच्या गावात ती कोणाकडेच नव्हती.