पहाटेची पर्वती की संध्याकाळचा फेरफटका?

डिसेंबरातही पहाटे पाचला बाबा कानटोपी चढवून दाराशी बुटाची नाडी बांधत बसलेले असायचे. घोटभर पाणीही नाही. उठल्यावर दहा मिनिटांत थेट पर्वतीच्या पायऱ्या. वय ६४, बीपीची गोळी चालू. त्यांच्यासाठी वेळ ठरवायची म्हणून मी यात शिरले. तुमच्या घरीही हाच वाद असेल, तर हे वाचा.

मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाशी रोज जुळवून घेतं. झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. जाग यायच्या सुमारास कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, नाडी आणि दाब चढतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट जास्त चिकट होतात. हार्ट अटॅक सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात जास्त येतात, हे १९८५ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात स्पष्ट दिसलं होतं.

म्हणून सकाळचा व्यायाम वाईट का? तसं मुळीच नाही. ब्रिटनमध्ये ८६ हजारांवर लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून हालचाल मोजली गेली. २०२२ साली आलेल्या त्या निष्कर्षात सकाळी ८ ते ११ या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सर्वांत कमी दिसला, बायकांमध्ये तर हा फरक अधिक ठळक होता. पण आपल्याकडे हे वाचून लोक पहाटे पाचचा गजर लावतात! आठ म्हणजे पहाट नव्हे. आठपर्यंत अंग जागं झालेलं असतं, ऊन आलेलं असतं. थंडीत पुण्यात पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते, ती वेगळीच.

संध्याकाळची बाजूही भक्कम आहे. ब्राझीलमध्ये बीपीची औषधं घेणाऱ्या पुरुषांना दहा आठवडे सायकलिंग करायला लावलं, तेव्हा संध्याकाळच्या गटाचा रक्तदाब जास्त उतरला. गट लहान होता, ५० जणांचा. लठ्ठ व्यक्तींच्या २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासातही संध्याकाळी सहानंतर दमवणारी हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं. अडचण दोन ठिकाणी येते: ऑफिसातून आठला परतणाऱ्याचा व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी बुडतो, आणि झोपायच्या तासभर आधी जोरात धावलं तर डोळा लागत नाही.

मोठे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. सकाळी चालणारा माणूस वेळेवर झोपणाराही असतो, त्यामुळे श्रेय कुणाचं हे पुरतं सुटं करता येत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरणं हे वेळेच्या वादापेक्षा फार मोठं, असं माझं ठाम मत आहे.

तरी निवड करायचीच असेल, तर बीपी हाच मुख्य प्रश्न असणाऱ्यांनी संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ धरावी. रात्री झोप लागत नसेल तर सकाळच बरी, कारण सकाळचा उजेड घड्याळ लवकर सरकवतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलावंच. तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यांनी झोप मोडून व्यायाम करू नये. आधी पुरती झोप घ्यावी, मग चालावं.

बाबा आता साडेसातला उठून अर्ध्या तासाने निघतात. आधी पाणी, मग घरातच दहा मिनिटं हातपाय मोकळे करणं. छातीत जडपणा किंवा डाव्या हातात कळ आली, तर त्याच पायरीवर बसायचं आणि १०८ ला फोन लावायचा, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.