ट्रान्सवेल ६.५ मिमी इन्सर्ट: कफाच्या प्रयोगांसाठी कितपत कामाचा?

दमा किंवा सीओपीडीतला (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) कफ अभ्यासायचा तर श्वासनलिकेच्या पेशी मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) बुडवून ठेवून भागत नाही. वरून हवा आणि खालून मीडियम मिळालं तरच त्यांना नीट सिलिया (हलणारे सूक्ष्म केस) फुटतात, म्युकस (कफाचा चिकट द्रव) सुटतो. त्यासाठीच कॉर्निंगची ही जाळीदार तळाची इवलीशी वाटी, क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंमी.

घ्यायचा तर पॉलिएस्टरच्या जाळीचाच घ्या. पॉलिकार्बोनेटला छिद्रं जास्त, पण तो धुरकट दिसतो. पेशींचा थर सगळीकडे जुळला का, हे साध्या मायक्रोस्कोपखाली कळत नाही, आणि वरचं मीडियम काढायचं ते नेमकं तेच पाहून! छिद्र ०.४ मायक्रॉनचं पुरतं. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आरपार जाताना पाहायचे असतील तरच ३ मायक्रॉनचं.

कोलॅजेनचा थर देऊन वर ३३ हजारांच्या आसपास पेशी सोडा, शक्यतो तिसऱ्या पॅसेजच्या आतल्या (म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात फार वेळा न हलवलेल्या). खाली ६०० मायक्रोलिटर मीडियम. इन्सर्ट तिरका धरून उतरवा, नाहीतर जाळीखाली बुडबुडा अडकतो आणि तेवढ्या भागातल्या पेशी उपाशी मरतात. मीडियम ओढताना टिप भिंतीला टेकवा, जाळीला नको; ओरखडा पडला की तिथून मीडियम वर झिरपत राहतं. खालच्या मीडियममध्ये रेटिनोइक अ‍ॅसिड कमी पडलं तर पेशी त्वचेसारख्या चपट्या होतात. पुरती वाढ व्हायला ३ ते ४ आठवडे धरा.

पेशींच्या थराचा विद्युत रेझिस्टन्स (थर किती घट्ट जुळला याचं माप) मोजण्याआधी प्लेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रिकाम्या इन्सर्टचा आकडा वजा करून ०.३३ने गुणा. तो मोजायच्या चॉपस्टिक (दोन काड्यांच्या) इलेक्ट्रोडचा प्रवाह मोठ्या इन्सर्टमध्ये सारखा पसरत नाही, आकडा फुगतो. म्हणून ६.५ आणि १२ मिमीचे आकडे शेजारी मांडू नयेत.

खरी कसोटी म्युकस धुण्यात आहे. आठवड्यातून एकदा कोमट पीबीएस (क्षारांचं द्रावण) घालून ३७ अंशांवर १५ मिनिटं ठेवा आणि हलक्या हातानं काढा. आयएल-१३ हे दम्यात वाढणारं संदेशवाहक प्रथिन (१० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) दिल्यावर म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी आणि एमयूसी५एसी हे म्युकसमधलं प्रथिन वाढतात, हे या इन्सर्टवर छान दिसतं. पण आयएल-१३ दिलेले आणि न दिलेले इन्सर्ट एकाच दिवशी धुतले नसतील, तर आधीपासून साचलेला म्युकसही आयएल-१३च्या खात्यावर जमा होतो. मग कितीही चांगली एलायझा (प्रथिन मोजायची चाचणी) केली तरी उपयोग नाही.

म्युकसचा थर जागेवर टिकवायला फॉर्मॅलिनपेक्षा कार्नॉय हे पेशी जतन करायचं द्रावण बरं. त्यातलं क्लोरोफॉर्म मात्र इन्सर्टची पॉलिस्टायरीनची भिंत विरघळवतं. आधी ब्लेडनं जाळी कापून घ्या, मग ती काचेच्या बाटलीत सोडा.

सिलिया पाहायला, औषधं तपासायला, मोजक्या पेशींत भागवायला हा आकार उत्तम. म्युकसचा चिकटपणा मोजायचा असेल तर एवढ्याशा जागेत हाती काही लागत नाही. तिथे १२ मिमीचाच घ्या, पेशी जवळपास साडेतीनपट लागतील.