आरव्ही-९एमध्ये गार्मिनचे जीएसए २८ सर्व्हो: काही महिन्यांनंतर

आरव्ही-९ए हे हौशी लोकांनी किटमधून बांधायचं छोटं विमान, आणि सर्व्हो म्हणजे ऑटोपायलटच्या हुकमाने त्याची नियंत्रणं हलवणाऱ्या मोटरी. आधीच सांगतो, सर्व्हो उत्तम आहेत. पण पैसे मोजून मिळतं ते अर्धंच. उरलेलं अर्धं ब्रॅकेट आणि पुशरॉडच्या (सर्व्होला नियंत्रणांशी जोडणाऱ्या दांड्याच्या) लांबीत असतं, आणि ते आपलं आपणच मिळवायचं.

इथे अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी मंडळींनी केलेलं विमान एक्सपेरिमेंटल गटात नोंदवता येतं, म्हणून असलं काम घरच्या हँगरमध्ये करता येतं. (कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणी मिळेपर्यंत २०१७ उजाडलं, हे आठवलं की आपली सोय कळते.)

रोलचा (विमान डावी-उजवीकडे कलवणारा) सर्व्हो उजव्या पंखात, एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) बेलक्रँकजवळ, म्हणजे हालचालीची दिशा बदलणाऱ्या तरफेजवळ, बसवला. पंखाखालचं झाकण उघडायचं, पाठीवर पडायचं आणि एक हात आत घालून चाचपडायचं. पिचचा (नाक वर-खाली करणारा) सर्व्हो सामानाच्या कप्प्यामागे, एलेव्हेटरच्या (शेपटीच्या हलत्या पट्टीच्या) बेलक्रँकला.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो भूमितीला. स्टिक (वैमानिकाच्या हातातली नियंत्रणाची दांडी) या टोकापासून त्या टोकापर्यंत नेताना सर्व्होची आर्म आणि पुशरॉड कुठेही एका सरळ रेषेत येता कामा नयेत. आले की ओव्हर-सेंटर होऊन, म्हणजे त्या रेषेच्या पलीकडे जाऊन, तिथेच अडकतात आणि स्टिक परत फिरत नाही. जमिनीवर हे कळलं तर नशीब! हे दोघांचं काम आहे: एकाने स्टिक हलवायची, दुसऱ्याने टॉर्च घेऊन आर्मवर नजर ठेवायची. रॉड-एंडच्या (पुशरॉडच्या टोकाच्या गोळ्याच्या बेअरिंगच्या) बोल्टला बाहेरून मोठा वॉशर घाला. बेअरिंगचा गोळा निखळला तरी रॉड बोल्टवरून सुटत नाही.

वायरिंग सोपं. कॅन बसच्या (उपकरणं एकमेकांशी ज्यांवरून बोलतात त्या दोन तारांच्या) दोन्ही टोकांना १२० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे रोधक, लागतं. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावा, साधारण ६० दिसायला हवेत. १२० आले तर एक टोक राहिलंय, ४० आले तर तिसरं कुठेतरी लागलंय.

सुरुवातीला सरळ उडताना पंख हलके डुलायचे. गेन (चूक सुधारताना ऑटोपायलट किती जोर लावतो ते) कमी केला तर ऑटोपायलट सुस्तावला, दिशा धरेना. एलेरॉनचा एक नवा रॉड-एंड ताठ होता. तो बदलून मोकळा फिरणारा घातला आणि मूळ गेनवरच डुलणं थांबलं. सॉफ्टवेअरशी झगडण्याआधी घर्षण बघा.

बंद असताना सर्व्हो जाणवतच नाही, कारण मोटर आणि गिअर यांत्रिकरीत्या सुटे होतात. मला सर्वांत आवडलं ते ट्रिम (स्टिक सतत धरून ठेवायला लागू नये म्हणून बटणाने करायची जुळवणी): वेग वाढला की ट्रिमची मोटर आपोआप हळू चालते, त्यामुळे क्रूझमध्ये (वेगाने सरळ उडताना) बटणाला बोट लागलं म्हणून नाक उसळत नाही. उड्डाणाआधी दर वेळी ऑटोपायलट लावून स्टिक जोर देऊन हलवून बघतो आणि डिसकनेक्टचं बटण दाबताच ती मोकळी होते ना, तेही तपासतो.

खटकतं ते एकच. उन्हाळ्याच्या दुपारी थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) उंची धरायच्या हट्टापायी ऑटोपायलट नाक सारखं वर-खाली करतो आणि वेगही त्याबरोबर कमी-जास्त होतो. बाजूला बसलेल्याच्या पोटाला ते मानवत नाही. अशा वेळी मी उंची सोडून पिच मोड (फक्त नाकाचा कोन धरणारा) लावतो आणि शे-दोनशे फूट सरकू देतो.